सुधारणांचे ओझे मुलांच्या खांद्यावर

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की राज्यातील अनेक माध्यमिक शाळांच्या नववीच्या वर्गात एक परिचित चित्र दिसते. आठवीपर्यंत एकदाही नापास न झालेली मुले बाकांवर बसलेली असतात आणि त्यांतील काहींना मराठीचा साधा उतारा सलग वाचता येत नाही, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही. समोर उभा असलेला शिक्षक बीजगणित आणि भूमिती शिकवण्यासाठी नेमलेला असतो. मुळाक्षरांपासून आरंभ कसा करायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि त्यासाठी वेळही दिलेला नसतो. दहावीच्या परीक्षेला पावणेदोन वर्षे उरलेली असतात.

ही स्थिती कोणी मुद्दाम आणलेली नाही. मुलांच्या भल्यासाठी, पुरेशा विचाराने आणि संसदेच्या संमतीने केलेल्या एका कायद्याचा तो अनपेक्षित परिणाम आहे. गेल्या दीड दशकात महाराष्ट्रात सरकारी शाळांसाठी घेतल्या गेलेल्या अनेक निर्णयांबाबत असेच म्हणता येईल. हेतू चांगला होता, आदेशही निघाले, पण ते वर्गापर्यंत पोहोचताना त्यांचे रूप पालटले आणि नुकसान झाले ते ज्यांच्यासाठी सुधारणा केली त्या मुलांचेच. हे असे का होते, याचा शोध घेणे आवश्यक आहे.

नापास न करण्यामागचा विचार

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. त्यानुसार झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास किंवा शाळेतून काढून टाकण्यास मनाई करण्यात आली.

या तरतुदीची पुढे 'ढकलगाडी' म्हणून चेष्टा झाली. परंतु तिच्यामागे अनुभव होता. नापास झालेले मूल दुसऱ्या वर्षी अधिक शिकते, असे क्वचितच घडते. तेच पुस्तक, तोच शिक्षक आणि वयाने लहान सोबती यांच्यात बसवलेल्या मुलाच्या मनात शाळेविषयी अढी बसते आणि लवकरच ते यायचे थांबते. गरीब घरातील मुलगी नापास झाली की तिला घरकामाला किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला लावण्यासाठी पालकांना कारण मिळते. नापासाचा शिक्का मुलावर बसतो, शिकवण्यातील उणीव मात्र झाकली जाते, हा शिक्षणतज्ज्ञांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता.

शिवाय कायद्याने परीक्षा काढून मोकळी जागा ठेवली नव्हती. तिच्या जागी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची कल्पना मांडली होती. मूल कोठे अडते आहे हे शिक्षकाने रोजच्या रोज पाहावे आणि तेथेच मदत करावी, म्हणजे वर्षअखेरीस नापास करण्याची वेळच येणार नाही, असा हा विचार होता. नापास न करणे आणि रोज पाहणे ही एकाच योजनेची दोन चाके होती. पहिले चाक एका ओळीच्या आदेशाने बसवता आले. दुसऱ्यासाठी पुरेसे शिक्षक, प्रशिक्षण, लहान वर्ग आणि वेळ यांची गरज होती.

मूल्यमापनाची नोंदवही

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक आणि संकलित अशी मूल्यमापनाची पद्धत सुरू झाली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी निरनिराळी साधने सांगितली गेली. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवण्याची अपेक्षा होती. कागदावर ही पद्धत उत्तमच होती.

प्रत्यक्षात मात्र एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, प्रत्येक इयत्तेचे सर्व विषय, त्यात शालेय पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे आणि मागवली जाणारी माहिती. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली असली, तरी कामांचा ओघ थांबला नाही. अशा स्थितीत वर्णनात्मक नोंदी भरणे हेच एक नवे काम होऊन बसले. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या. 'वाचनात रुची दाखवतो', 'गटकार्यात सहभागी होतो' अशी वाक्ये त्यांतून उतरवून घेतली जाऊ लागली. तपासणीला येणारा अधिकारी वही पूर्ण आहे की नाही ते पाही. मूल वाचते की नाही, हे पाहण्यास त्याच्याकडेही वेळ नसे.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील, पाचवीत असून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१० मध्ये ५३.७ टक्के होते. २०१२ मध्ये ते ४६.८ टक्क्यांवर आले. सरकारी शाळांपुरते पाहिले तर ही घसरण ५०.७ वरून ४१.७ टक्के एवढी होती. ही सगळी घसरण एका कलमाच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. याच काळात बरी आर्थिक स्थिती असलेल्या घरांतील मुले खासगी शाळांकडे वळत होती आणि त्यामुळे सरकारी शाळांतील मुलांची घडणही बदलत होती. तरीही पाचवीपर्यंत पोहोचलेल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचे वाचता येत नव्हते आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकात याचा मागमूस नव्हता, हे नाकारता येत नाही. पूर्वी वार्षिक निकाल पाहून पालकांना निदान शंका तरी येत असे. आता सारे श्रेणींच्या गोड भाषेत झाकले गेले. ज्या घरात आईवडील शिकलेले आहेत, तेथे मुलाचे वाचन कच्चे असल्याचे संध्याकाळी पाच मिनिटांत कळते. ज्या घरात कोणी शिकलेले नाही, तेथे शाळेने दिलेला कागद हाच एकमेव पुरावा असतो.

नववीचा बांध

आठवीपर्यंतचे पाणी अडवले नाही, तर ते कोठेतरी साचणारच. ते नववीत साचले. कायद्याचे संरक्षण आठवीला संपते आणि दहावीचा निकाल शाळेच्या दारावर लागतो. निकालाच्या टक्केवारीवर शाळेची प्रतिष्ठा आणि पुढील वर्षाचे प्रवेश अवलंबून असतात. त्यामुळे कच्च्या मुलांना नववीतच थोपवून धरणे किंवा 'सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्या' असा सल्ला पालकांना देणे, हा प्रकार अनेक शाळांत रूढ झाल्याची तक्रार पालक आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. जे नापासपण तिसरी-चौथीत टाळले, ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी एकदम अंगावर आले. त्या वयात मुलाला बाजारात काम मिळते आणि मुलीसाठी स्थळे पाहिली जातात.

केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने २०१२ मध्ये हरयाणाच्या तत्कालीन शिक्षणमंत्री गीता भुक्कल यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली. परीक्षा टप्प्याटप्प्याने परत आणाव्यात, असे तिने सुचवले. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत परीक्षा घेण्याची व आवश्यक तर मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आणली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठीही तसेच नियम केले.

पण येथेही तीच चूक पुन्हा होण्याचा धोका आहे. निकाल आणि पुनर्परीक्षा यांच्यामधल्या काळात, तेही उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाच वर्षांचा अनुशेष कोण आणि कसा भरून काढणार? ती व्यवस्था उभी राहिली नाही, तर मूल पूर्वी न शिकता पुढे जात होते, ते आता न शिकता मागे राहील, एवढाच काय तो फरक पडेल.

पंचवीस टक्क्यांचा हिशेब

याच कायद्याच्या कलम १२(१)(ग) ने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली, मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तीतून वगळले. २०१४ च्या निकालाने तर सर्वच अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर गेल्या. परिणामी अल्पसंख्याक दर्जा मिळवण्यासाठी संस्थांना एक नवे कारण मिळाले.

ही तरतूद सामाजिक सरमिसळीसाठी होती. रिक्षाचालकाचा मुलगा आणि कारखानदाराची मुलगी एका बाकावर बसावीत, हे स्वप्न अनेक ठिकाणी काही अंशी खरेही झाले. तथापि दोन गोष्टी कोणी पुरेशा लक्षात घेतल्या नाहीत. पहिली म्हणजे ही फीमाफी आठवीपर्यंतच आहे. आठ वर्षे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलापुढे नववीत पूर्ण फी उभी राहते. ती परवडली नाही, तर माध्यम, शाळा आणि मित्र हे सारे एकाच वर्षी बदलावे लागते, तेही दहावीच्या तोंडावर. दुसरी गोष्ट, सरकारने शाळांना द्यावयाच्या प्रतिपूर्तीची. राज्याने ठरवलेला दर अलीकडे प्रतिविद्यार्थी वार्षिक १७,६७० रुपये होता आणि तोही वेळेवर मिळत नसल्याची शाळांची तक्रार कायम राहिली. थकबाकी वाढली, तसे या मुलांकडे 'बिनपैशाचे विद्यार्थी' म्हणून पाहणे सुरू झाले. पुस्तके, गणवेश, सहल, संगणक अशा नावांनी वेगळे पैसे मागितले जाऊ लागले.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तेथील खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली. सरकारी शाळा ओस पडत असताना सरकारने खासगी शाळांना पैसे का द्यावेत, हा त्यामागचा विचार वरवर पटण्यासारखा होता. परंतु शहरांत जवळपास प्रत्येक खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत अशी एखादी शाळा असतेच. म्हणजे कायदा तसाच ठेवून तरतूद मात्र गुंडाळली जाणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. न्याय मिळाला. पण शाळा जूनमध्येच सुरू झाल्या होत्या आणि तोवर हजारो पालक प्रवेशाच्या प्रतीक्षेत ताटकळत होते. सहा वर्षांच्या मुलाच्या शाळेचे पहिले काही आठवडे निकालाने परत येत नाहीत.

पट, आधार आणि शिक्षक

सरकारी आणि अनुदानित शाळांत किती शिक्षक द्यायचे हे पटावरील विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरते. यालाच संचमान्यता म्हणतात. तत्त्व रास्त आहे. परंतु शिक्षकाची नोकरी आणि संस्थेचे अनुदान पटावर टांगले, की पट फुगवण्याचा मोहही आपोआप निर्माण होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकाच मुलाची दोनदा मोजणी होऊ नये म्हणून बोटाला शाई लावण्यात आली. पटावर नाव असलेले लाखो विद्यार्थी त्या दिवसांत वर्गात आढळले नाहीत. अनुदानातील लूट उघडी पडली, हे चांगलेच झाले.

त्या गैरप्रकाराला कायमचा आळा घालण्यासाठी पुढे विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर आणि मग आधारशी जोडली गेली. २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी आधार वैध ठरलेलेच विद्यार्थी धरायचे ठरले. येथे बोगस मुलांसाठी लावलेली चाळणी खऱ्या मुलांना लागली. नावातील एखादे अक्षर, जन्मतारखेतील चूक, बोटांचे ठसे न जुळणे किंवा आधार कार्डच नसणे अशा कारणांनी प्रत्यक्ष वर्गात बसणारी मुले हिशेबातून गळाली. असे घोळ सर्वाधिक कोणाच्या बाबतीत होतात? ऊसतोडणीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या, पालांवर राहणाऱ्या भटक्यांच्या आणि दुर्गम पाड्यांवरील मुलांच्या बाबतीत. म्हणजे ज्या शाळांना शिक्षकांची सर्वाधिक गरज, तेथेच पदे कमी होण्याची भीती निर्माण झाली. वर्षातील कित्येक दिवस शिक्षक शिकवण्याऐवजी आधार केंद्रांचे उंबरठे झिजवत राहिले.

वीस मुलांची शाळा

सरकारी शाळेचा पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की पालकांचा विश्वास उडतो आणि पट आणखी कमी होतो. या चक्रातून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा प्रश्न पुढे आला. २०२२ मध्ये राज्यात अशा शाळांची संख्या सुमारे पंधरा हजार असल्याची आकडेवारी समोर आली. २०२३ मध्ये शासनाने समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले.

या कल्पनेतही तथ्य आहे. सात मुले, चार इयत्ता आणि एक शिक्षक अशा शाळेत खेळाचा संघ होत नाही, वाचनालय उभे राहत नाही. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक आणि सोयी देता येतात. पण कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळेची हमी दिली, ती अंतराचा अर्थ ओळखूनच. कोकणातील वाडी, सह्याद्रीतील धनगरवाडा किंवा मेळघाटातील पाडा यांच्यासाठी नकाशावरचे तीन किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा ओढा असतो. बसची सोय करू, असे आश्वासन दिले जाते. एस.टी.च्या फेऱ्यांचा अनुभव असलेल्या गावकऱ्याला त्या आश्वासनाची किंमत ठाऊक असते.

अंतर मुलींच्या शिक्षणाच्या आड किती येते, याचा चांगला पुरावा बिहारमधून मिळतो. तेथे २००६ पासून नववीतील मुलींना सायकली दिल्या गेल्या. नंतरच्या अभ्यासात असे दिसले की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली आणि ही वाढ शाळेपासून दूर असलेल्या गावांतच अधिक होती. शाळा दूर नेताना नेमके याच्या उलट काय घडेल, याचा अंदाज बांधण्यास वेगळ्या समितीची गरज नाही. शहाण्या पालकाची मुलगी बसने जाईल. ज्या घरात आधीच 'कशाला शिकायचे' असा प्रश्न आहे, तेथील मुलगी घरी बसेल आणि तिच्या गैरहजेरीची नोंद 'स्थलांतरित' अशी होण्याचीही शक्यता आहे.

जुनाच अनुभव

हे दोष केवळ आपल्याकडचे आहेत, असे मात्र नाही. इंग्लंडने १८६२ मध्ये मुलांच्या परीक्षेतील यशावर शाळांचे अनुदान ठरवण्याची पद्धत आणली. शाळांनी वाचन, लेखन, अंकगणित सोडून बाकीचे विषय बाजूला टाकले आणि निरीक्षकासमोर वाचायची पाने मुलांकडून घोकून घेतली. मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'निकालानुसार अनुदान' हे सूत्र वापरले गेले. दोन्हीकडे ते अखेरीस सोडून द्यावे लागले.

अमेरिकेने २००२ मध्ये 'एकही मूल मागे राहू नये' अशा नावाचा कायदा केला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, २०१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण करण्याचे लक्ष्य आणि लक्ष्य चुकलेल्या शाळांवर वाढत्या कारवाया अशी त्याची रचना होती. उत्तीर्णतेच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांवर शिक्षकांनी भर दिला, फार मागे असलेल्यांचा नाद सोडला. अटलांटा शहरात तर २०११ च्या चौकशी अहवालानुसार ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील फेरफारांत गुंतलेले आढळले. २०१५ मध्ये तो कायदा बदलण्यात आला.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १९९६ मध्ये खालच्या इयत्तांचे वर्ग लहान करण्याचे ठरले. याला कोण विरोध करणार? परंतु एकदम हजारो शिक्षक लागले. संपन्न भागांतील शाळांनी अनुभवी शिक्षक ओढून घेतले आणि गरीब वस्त्यांतील मुलांच्या वाट्याला अप्रशिक्षित शिक्षक आले. वर्ग लहान झाले, पण त्याचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही.

काय करता येईल?

या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. शासनाला जे मोजता येते, त्यावर शासन हुकूम काढते. पट, टक्केवारी, किलोमीटर, भरलेल्या वह्या हे सारे मोजता येते. मग व्यवस्थेतील प्रत्येक जण तो आकडा सांभाळू लागतो. आणि त्या आकड्याचा भार अखेर अशा घरावर पडतो, ज्याच्याकडे शिकवणी, ओळख, वाहन किंवा न्यायालयात जाण्याची ऐपत यांपैकी काहीच नसते.

यावरून सुधारणाच करू नयेत, असा निष्कर्ष काढणे हा दुसरा अपराध ठरेल. शिक्षण हक्क कायद्यामुळे मुले शाळेत आली, शाळांना स्वच्छतागृहे मिळाली, मुलांना मारणे बेकायदा ठरले, ही मिळकत थोडी नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०१२ पेक्षा हे प्रमाण किंचित अधिक आहे, मात्र २०१० च्या पातळीला ते अजून पोहोचलेले नाही. तिसरीतील मुलांच्या वाचनात मात्र २०२२ च्या १६.३ वरून २३.४ टक्के अशी वाढ झाली. आरंभीच्या इयत्तांत वाचन आणि अंकज्ञान यांवर भर दिला, तर फरक पडतो, असे यातून दिसते. मुलांना इयत्तेनुसार न बसवता दिवसातील काही वेळ त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार गटांत शिकवले, तर ती झपाट्याने पुढे जातात, हेही अनेक राज्यांतील प्रयोगांनी सिद्ध केले आहे. त्यासाठी नापास करण्याची गरज नाही आणि मूल वाचत नसल्याचे लपवण्याचीही नाही.

निर्णय घेताना काही पथ्ये पाळणे अशक्य नाही. आदेश राज्यभर लागू करण्यापूर्वी तो दोन-चार तालुक्यांत राबवून पाहावा. एक जुने काम काढल्याशिवाय शिक्षकावर नवे काम लादू नये. समूहशाळा करायचीच असेल, तर वाहनाची सोय आधी एक पावसाळा चालवून दाखवावी आणि मगच वाडीवरील शाळेचा विचार करावा. आधारातील चुकीसाठी मूल हिशेबातून वगळण्याऐवजी चूक दुरुस्त होईपर्यंत मुख्याध्यापकाच्या हजेरीपटावर विश्वास ठेवावा. पंचवीस टक्क्यांतील मुलांना दहावीपर्यंत आधार द्यावा. आणि प्रत्येक निर्णयानंतर तीन वर्षांनी त्याचा सर्वाधिक त्रास कोणाला झाला, याचा हिशेब जाहीरपणे मांडावा.

नववीच्या त्या वर्गातील मुलाला कलम १६ ठाऊक नसते, संचमान्यताही ठाऊक नसते. फळ्यावर लिहिलेले आपल्याला वाचता येत नाही आणि हे आता लपवता येणार नाही, एवढेच त्याला कळलेले असते. पुढचा शासन निर्णय लिहिताना त्या मुलाला नजरेसमोर ठेवले जाईल का, हा प्रश्न पालकांनी आणि नागरिकांनी विचारत राहिले पाहिजे.